रिकाम्या यादीचा अर्थ

सोमवार, ४ मार्च

एकोणीस वर्षं मी कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपत्रकं लिहिली. 'पाणी आत येत नसेल तर आधी नळ उघडा आहे का ते पाहा' हे माझं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं वाक्य. आणि आज मला सांगण्यात आलं की यापुढे माझं लिखाण माणसं वाचणारच नाहीत. घ्या!

नव्या नोकरीचा पहिला दिवस. काम काय आहे ते स्वतःसाठीच एकदा सरळ लिहून ठेवते, म्हणजे उद्या काही न कळता मान डोलवत बसायला नको. ही कंपनी प्रोग्रॅम तपासायची टूल्स बनवते. कुठला तुकडा कुठे वापरलाय, कुठे चूक आहे, काय नुसतंच पडून आहे, असलं शोधून देणारी अकरा टूल्स. आजवर ती प्रोग्रॅमर मंडळी वापरायची, आता एआय एजंट वापरणार. त्याला काम सांगितलं की कुठलं टूल उचलायचं ते तोच ठरवतो. पण टूल आतून कसं आहे ते त्याला दिसत नाही. टूलबद्दल लिहिलेल्या चार ओळी फक्त दिसतात. त्या चार ओळी मी लिहायच्या.

पहिलंच गिऱ्हाईक एक रक्तपेढी आहे. त्यांचा प्रोग्रॅम जुना, लिहिणारे केव्हाच सोडून गेले, आता त्यात कामाचं काय आणि अडगळ कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. एजंटनं आमची टूल्स वापरून ती अडगळ काढायची. पंधरा तारखेला त्या प्रोग्रॅमच्या नकलेवर चाचणी आहे. फसली, तर साहेब आमचं मुख्य टूल 'वापरशोध' बंद करून बाहेरचं तयार टूल घेणार. तसं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

'वापरशोध' एका बाईंनी एकटीनं बारा वर्षं खपून बनवलंय. त्या खिडकीपाशी बसतात आणि दिवसाला वीसेक शब्द बोलतात. ऑफिसात पाठीमागे त्यांना मोजक्याबाई म्हणतात, तोंडावर नुसतं बाई. साहेब हे सांगत होते तेव्हा त्या पेन्सिलीला टोक करत होत्या.

घरी बाबांसाठी आजपासून नव्या मावशी आल्या, नऊ ते सहा. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यात बाबांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. स्वयंपाकघरातल्या कपाटावर मी सूचनांचा कागद चिकटवलाय, मुद्दे घालून, सगळा अनुभव पणाला लावून. सातवा मुद्दा: 'काही दुखतंय का, असं दिवसातून दोनदा विचारावं.' मावशींनी कागद शांतपणे वाचला. "बरं, ताई," म्हणाल्या.

बुधवार, ६

'वापरशोध'चं वर्णन लिहिलं. 'संपूर्ण प्रोग्रॅमच्या कानाकोपऱ्यात पोचून सखोल विश्लेषण करणारं शक्तिशाली टूल.' बेहद्द खूश होते स्वतःवर. बाकीच्या दहांच्या गळ्यातही असेच हार घातले.

दुपारी एजंटला अगदी साधं काम दिलं. या फोल्डरमध्ये फायली किती आहेत, मोजून सांग. पठ्ठ्यानं 'वापरशोध' चालवलं. मग चुका शोधणारं टूल चालवलं. मग आणखी तीन. अकरा मिनिटांनी उत्तर आलं, तेही चुकीचं. "काय बिनडोक आहे हा!" मी मोठ्यांदा म्हणाले.

मोजक्याबाई मागेच उभ्या होत्या. "प्रत्येक टूल सगळं करतं असं तुम्हीच लिहिलंय. त्याला ते खरं वाटलं," त्या म्हणाल्या. मग माझ्या कागदावरून त्यांची पेन्सिल फिरली. 'संपूर्ण' गेलं, 'कानाकोपरा' गेला, 'सखोल' गेलं, 'शक्तिशाली' गेलं. उरलं काय? 'टूल'.

"कधी वापरायचं नाही, ते कुठे लिहिलंय?" एवढं विचारून त्या जागेवर गेल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या मशीनमध्ये काय काय होत नाही, असं कुणी पहिल्या पानावर छापतं का?

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. एकोणीस वर्षांत माझं लिखाण लोकांनी मशीन बिघडल्यावर, चिडून, उभ्या उभ्या वाचलं. हा एजंट प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवून वाचतो.

बाबांनी अर्धं ताट तसंच सोडलं. परक्या हातचं जेवण म्हणून रुसले असतील.

शुक्रवार, ८

आज दोन तास बाईंच्या शेजारी बसले आणि माझी घमेंड पार उतरली.

त्यांच्याकडे एक जाड वही आहे. 'वापरशोध' बारा वर्षांत जिथे जिथे चुकलं, त्या प्रत्येक ठिकाणाची नोंद. तारीख, काय चुकलं, का चुकलं, दुरुस्त झालं की नाही. काही नोंदींपुढे 'होणार नाही' असंही लिहिलंय, अगदी स्वच्छ अक्षरात. मी विचारलं, "बाई, वाईट नाही वाटत? स्वतःच्या टूलचे दोष असे लिहून ठेवायचे?"

"कशात कच्चं आहे ते माहीत असलं की बाकीच्यावर भरवसा ठेवता येतो," त्या म्हणाल्या. एवढे शब्द सलग! मी तर बघतच राहिले. माझ्या एकाही वाक्याची चूक मी आजवर टिपून ठेवली नाही.

घरी आल्यावर सिंकखालचा लाकडी खण ओढला. बाबांचं अवजारांचं दुकान होतं. विकलं तेव्हा हा एकच खण मी ठेवून घेतला होता, घरच्या खिळ्यांसाठी. त्यावर बाबांच्या हातची चिठ्ठी अजून आहे: 'लाकडाचे स्क्रू. भिंतीत मारू नयेत, निघून येतात.' दुकानातल्या दोनशे खणांवर दोनशे चिठ्ठ्या होत्या, आणि प्रत्येकीवर दुसरी ओळ 'नये'ची. लहानपणी मी हसायचे, म्हणायचे, बाबा गिऱ्हाइकांना घालवून देतात. पण गिऱ्हाईक परत बाबांकडेच यायचं.

बाबा खिडकीत डाव्या गालाला हात लावून बसले होते. दुकान आठवत असणार. खण दाखवला, पण त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

सोमवार, ११

जमलं! शनिवारी आणि रविवारी बसून अकराच्या अकरा वर्णनं नव्यानं लिहिली, बाबांच्या चिठ्ठ्यांसारखी. 'वापरशोध: प्रोग्रॅममधल्या एखाद्या तुकड्याचं नाव द्या. तो कुठल्या फायलीत, कुठल्या ओळीत वापरलाय त्याची यादी मिळते. काहीही काढण्याआधी वापरा. फायली मोजायला किंवा चुका शोधायला वापरू नये.' एजंटला दहा कामं दिली, नऊ वेळा त्यानं बरोबर टूल उचललं. तोच एजंट! बुधवारी मी ज्याला बिनडोक म्हणाले, तो फक्त माझं ऐकत होता. मनातल्या मनात कान पकडले.

साहेब खूश. फक्त म्हणाले, "मॅडम, प्रत्येक वर्णन पाच ओळींत बसवा हं."

बाई आज आणि उद्या रक्तपेढीत आहेत. काल रात्री त्यांना पाठवलेल्या वर्णनांचा कागद जाण्याआधी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या होत्या. प्रत्येक वर्णनापुढे बारीकशी बरोबरची खूण. मी हरखले. 'वापरशोध'खाली मात्र पेन्सिलीनं एक भर घातली होती: 'यादी रिकामी आली तर कुठेच वापर नाही असं समजू नये. मला दिसला नाही, एवढाच अर्थ. वेळापत्रकातून नावानं बोलावलेली कामं मला दिसत नाहीत. तिथे वेगळं पाहावं.'

(वेळापत्रक म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायच्या कामांची वेगळी यादी.) आता हे घालायचं तर ओळी होतात आठ. शिवाय चाचणीच्या तोंडावर टूलनं स्वतःहून 'मला दिसत नाही' म्हणायचं? रिकामी यादी म्हणजे काही नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंची बारा वर्षं पणाला लागलेली असताना त्यांच्याच टूलची अब्रू मी का घालवू? ती भर गाळली. त्यांच्या भल्यासाठीच.

संध्याकाळी बाबांची दाढी करायला बसले तर डावी बाजू करूच देईनात. तोंड फिरवायचे. अर्धी दाढी तशीच राहिली. मग गार पाण्याचा पेला दिला तर सरकवून दिला. हट्टीपणा वाढत चाललाय. "बाबा, दुखतंय का कुठे?" असं दोनदा विचारलं. मान नाही, डोळे नाहीत, काही नाही. म्हणजे तसं काही नसावं.

गुरुवार, १४

मावशी म्हणाल्या, "ताई, बाबा हल्ली डाव्या कुशीवर झोपत नाहीत." मी म्हटलं, पंखा त्या बाजूला आहे, वारं लागत असेल. "तुम्ही विचारलंत का त्यांना?" मी विचारलं. "रोज विचारते. उत्तर देत नाहीत." "मग झालं तर," मी म्हणाले. मावशी काहीतरी म्हणणार होत्या, पण मला उशीर झाला होता.

उद्या चाचणी.

शुक्रवार, १५

एजंटनं अडगळीचे दोनशे बारा तुकडे काढले! प्रत्येकापुढे नोंद: 'वापरशोध चालवलं, यादी रिकामी, वापर नाही.' नकलेवरचा प्रोग्रॅम एकदाही न अडखळता सुरू झाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाई पडद्याजवळ जाऊन नोंदी वाचत होत्या. बराच वेळ वाचत होत्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि जागेवर जाऊन बसल्या. त्यांना आनंद दाखवता येत नाही.

सोमवार, १८

सगळं फसलं.

रक्तपेढीत रोज सकाळी एक यादी छापून येते. मुदत संपलेल्या पिशव्यांची. ती बघून तिथल्या तंत्रज्ञ बाई त्या पिशव्या फ्रीजमधून बाजूला काढतात. खऱ्या प्रोग्रॅमसोबत शनिवार-रविवार आमची नक्कलही चालू ठेवली होती. नकलेवरची यादी दोन्ही दिवस कोरी आली. तंत्रज्ञ बाईंचा सकाळी फोन आला. मी समोरच होते, स्पीकर चालू होता. "रोज दोन-तीन तरी असतात हो. एकही नाही, असं होईल कसं? कोरा कागद बघून मला तर धडकीच भरली. मी हातानं मोजल्या. चार निघाल्या, खऱ्या यादीतही चारच."

यादी बनवणारा तुकडा एजंटनं काढून टाकला होता. तो वेळापत्रकातून, नावानं बोलावला जायचा. रोज पहाटे पाचला.

ही नक्कल होती म्हणून. नसती तर? मुदत संपलेलं रक्त कुणाच्या तरी अंगात गेलं असतं. माझ्या पाच ओळींसाठी.

साहेब सगळ्यांसमोर कडाडले, "टूल खोटं बोललं! बारा वर्षांचं काम आणि हे?" बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. त्यांची ओळ मी गाळली हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. आलं असतं तर बोलल्या असत्या ना?

मंगळवार, १९

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तडक साहेबांच्या खोलीत गेले. बाई तिथे आधीच उभ्या होत्या, हातात ती जाड वही. टूल बंद करायचा कागद टेबलावर होता.

म्हटलं, "साहेब, टूल खोटं बोललं नाही. रिकाम्या यादीचा अर्थ काय ते बाईंनी लिहून दिलं होतं. मी ते गाळलं. एजंटनं माझ्या शब्दांवर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा गुन्हा." नोकरी गेली असं धरूनच गेले होते.

साहेब बाईंकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"शुक्रवारपासून. रक्तपेढीलाही तेव्हाच कळवलं, कोरी यादी आली तर हातानं मोजा म्हणून."

"मग काल बोलला का नाहीत?"

"त्या बोलतील म्हणून थांबले होते," बाई म्हणाल्या.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. चार दिवस ही बाई स्वतःच्या बारा वर्षांवर पाणी पडताना बघत गप्प बसली, मला तोंड उघडायला जागा राहावी म्हणून! आणि मी समजत होते की यांना काही कळलंच नाही. साहेबांनी कागद खणात टाकला. शुक्रवारी पुन्हा एकदा चाचणी. शेवटची.

बुधवार, २०

हे नीट लिहायला हवं.

अकरा वाजता 'वापरशोध'चं वर्णन लिहीत होते. ओळींची मर्यादा साहेबांनी उठवली. बाईंचे शब्द तसेच ठेवले आणि त्यापुढे माझी एक ओळ जोडायला घेतली: 'उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नये, दुसऱ्या मार्गानं पाहावं.' 'पाहावं' लिहिलं आणि हात थांबला.

ही दैनंदिनी पिशवीतच असते. काढली. मागची पानं उलटली. अर्धं ताट. डाव्या गालाला हात. अर्धी दाढी. गार पाणी. डावी कूस. सगळं माझ्याच अक्षरात. आणि प्रत्येक वेळी मी विचारलं, दुखतंय का, उत्तर आलं नाही, आणि मी पुढे गेले.

रिक्षा केली आणि घरी. मावशी बाबांना कोमट दुधात भिजवलेलं बिस्किट भरवत होत्या, चमचा उजव्या बाजूनं आत घालत. "गेल्या आठवड्यापासून मऊच देतेय, ताई. डाव्या दाढेनं चावायला बघत नाहीत ते," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी तुम्हाला थांबवूनच सांगणार होते." मी टॉर्च आणला. बाबांचं तोंड उघडायला दहा मिनिटं गेली. डावीकडची मागची दाढ काळी पडलेली, भोवती हिरडी टम्म सुजलेली.

दातांच्या डॉक्टरांनी लगेच काढली. "दोन आठवडे तरी ठणकत असणार," म्हणाले. दोन आठवडे! मी बाबांचा हात धरून ढसाढसा रडले, तिथेच, त्या खुर्चीशेजारी. बाबांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थापटलं. ज्यांचं दुखत होतं तेच मला समजावत होते.

मावशींनी कागद नुसता वाचून बाजूला ठेवला आणि माणसाकडे बघितलं. मी त्यांना सात मुद्दे शिकवायला निघाले होते.

शुक्रवार, २२

दुसरी चाचणी. साहेब, बाई, मी आणि रक्तपेढीच्या तंत्रज्ञ बाईसुद्धा, मुद्दाम आलेल्या. "मी कोऱ्या कागदाला भीत नाही, पण विचारल्याशिवाय सोडत नाही," त्या हसून म्हणाल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

एजंट भराभर पुढे जात होता. मग तो तुकडा आला. यादी रिकामी. आम्ही चौघंही खुर्चीत पुढे सरकलो. पडद्यावर ओळ उमटली: 'यादी रिकामी आहे. याचा अर्थ वापर नाही असा नाही. वेळापत्रक पाहतो.' आणि थोड्या वेळानं: 'वेळापत्रकात नाव सापडलं. पहाटे पाचचं काम. हा तुकडा काढत नाही.'

असे सात तुकडे त्यानं वाचवले. दोन तर बाईंनाही माहीत नव्हते. आणि एकापुढे लिहिलं: 'दोन्हीकडे दिसत नाही, तरी खात्री नाही. माणसानं पाहावं.' ही ओळ बाईंनी दोनदा वाचली. वही उघडली, तारीख घातली आणि टिपून घेतली. शिकवलेलं एखाद्यानं इतक्या मनापासून ऐकावं, मग तो माणूस असो की कोण! मला त्याचं फार कौतुक वाटलं, ते लपवत नाही.

साहेबांनी खणातला तो कागद काढून फाडला. बाई जिन्यात मला म्हणाल्या, "चांगलं लिहिलंत." दोन शब्द. मला जन्मभर पुरतील.

शनिवार, २३

कपाटावरचा जुना कागद काढला. नवा मावशींना विचारून विचारून लिहिला. निम्मी वाक्यं त्यांचीच आहेत. सातव्या मुद्द्याच्या जागी आता असं आहे: 'बाबा काही बोलले नाहीत तर काही नाही असं समजू नये. ताट पाहावं, कूस पाहावी, हात कुठे जातो ते पाहावं. तरी कळलं नाही तर जवळ बसावं.' आठ ओळी झाल्या. होऊ देत.

दुपारी दाढी केली, दोन्ही बाजूंची. गुळगुळीत. आरसा दाखवला तर डावा गाल दोनदा चाचपून पाहिला स्वारीनं. मग मी सवयीनं विचारलं, "बाबा, दुखतंय का अजून?" उत्तर नाही. मी टॉर्च आणायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तर बाबा आधीच तोंड उघडून बसले होते.